सुभेदारांची सुधारित रायफल

सुभेदार रघुनाथ सकपाळ हे सुभेदार नव्हते. लष्करातून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुढची बढती त्यांना पोलादपूरच्या बाजारपेठेनं दिली. कुणीतरी एकदा "ओ सुभेदार" अशी हाक मारली आणि त्यांनी ती दुरुस्त केली नाही. जगात त्यांनी दुरुस्त न केलेली तेवढी एकच गोष्ट असावी.

बाकी सगळीकडे त्यांची दुरुस्ती तयार असे. एसटी स्टँडवरच्या बाकाला उतार उलटा दिलाय, पावसाचं पाणी माणसाच्या पाठीकडे येतं. आमच्या शाळेची घंटा इतकी उंच बांधलीय की शिपायाला उड्या माराव्या लागतात. माझ्या बायकोचं गाळणं चहा गाळत नाही, अडवतं. "वैनी, ह्याची भोकं बघा आन तुमची चहापत्ती बघा. दोघांचा काय मेळ?" असं म्हणून ते गाळणं घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी दाभणानं भोकं मोठी करून आणून दिलं. त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे चहा चावून प्यावा लागे.

पण या किरकोळ सुधारणा. त्यांच्या आयुष्याची सुधारणा एकच होती, ती म्हणजे जवानाच्या हातातल्या रायफलीतली.

"लष्करानं अजून इचारलं नाय," ते म्हणत, "पन इचारलंच, तर आपली तयारी असावी."

आता, सुभेदारांनी स्वतः रायफल किती चालवली, हे पोलादपुरात कुणी विचारत नसे. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची जवळजवळ सगळी नोकरी लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात गेली. "सुभेदार, रायफल ऱ्हाऊ दे, डाळीत काय सुधारणा?" असं पारावरून कुणी ओरडलं की ते थांबत, वळत आणि गंभीरपणे सांगत, "डाळीत सुधारणेला जागा नाय. ती मी केलेली हाय."

लंगरात ते कसे पोचले ही गोष्ट ते बसून कधी सांगत नसत. उठून, दोन्ही पाय फाकवून, अंगणातला बांबू हातात घेऊन सांगत. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की त्यांचा श्वास कुठे अडे तेही मला सांगता येईल.

"उस्ताद म्हनला, उजव्या खांद्यावर घे. घेतली. सगळ्या गोळ्या डोंगरात. दुसऱ्या दिवशी परत उजवीकडं, परत डोंगरात. डोंगर आपलाच होता म्हनून बरं. मग उस्ताद जरा बाजूला गेला, आन मी गपचिप डावीकडं घेतली. मास्तर, सगळ्या काळ्यात! बरोब्बर मधी! पन रायफलीची खिडकी उजव्या अंगाला. गोळी सुटली की रिकामी पुंगळी उजवीकडनं भायेर उडते. उजव्या मानसाचं तोंड पलीकडं, त्याला काय कळत नाय. डावऱ्याचं तोंड बरोब्बर खिडकीम्होरं! तव्यावनं उतरल्यासारखी पुंगळी, ती आली आन कॉलरातनं खाली. मी उठलो. हातात भरलेली रायफल, आन मी नाचतोय!"

इथे बांबू गोल फिरे आणि ऐकणारे मागे सरत.

"सगळी लाईन पालथी. कमांडरसाहेब चिखलात पालथे. त्या दिवशी आख्ख्या मैदानावर उभा आसा मी एकटाच."

एक महिना लंगरात जा, अशी शिक्षा झाली. पण त्यांची डाळ साहेबांना आवडली आणि तो महिना निवृत्तीपर्यंत चालला. लहानपणी डाव्या हातानं घास घेतला की आई पळी हाणायची, जेवताना तो हात नाडीनं पाठीमागे बांधून ठेवायची. "आईनं हात जेवनावनं काढला, लष्करानं परत जेवनावर ठेवला," ते म्हणत. "डावा हात डाळीत चालतो, रायफलीवर चालत नाय, हे कुठलं शास्तर?"

यावर सगळे हसत, तेही हसत. पण गोष्ट संपली की बांबू भिंतीला टेकवताना ते हळूच पुटपुटत, "चूक हाताची नव्हती. खिडकीची होती." वर्दीतल्या एखाद्या साहेबानं आपल्याला एकदा एवढं म्हणावं, बास, ही त्यांची इच्छा होती. पेन्शन, मानपत्र, पारावरचा फोटो यातलं काही नको होतं.

त्या एका वाक्यासाठी त्यांनी रायफल तयार करायला घेतली. आमच्या गल्लीतल्या सुतारानं आंब्याच्या फळीतून तिचा सांगाडा कापला. पुढचं काम महाडला हुसेनभाईंच्या वर्कशॉपमध्ये. हुसेनभाई बरीच वर्षं सौदीला वेल्डिंग करून आलेले. कामाला हात सोन्याचा, तोंड मात्र मोकळं.

"सुभेदार, ही गन हाय का कुदळ?"

"तू स्प्रिंग लाव. नाव मी ठेवतो."

"सौदीत अशी वस्तू हातात दिसली असती तर माजा हातच गेला असता."

"कुठला?" सुभेदारांनी तत्परतेनं विचारलं. त्यांना त्यातही रस होता.

रायफलीत दोन सुधारणा होत्या. पहिली, सेफ्टीचा खटका एका बाजूला न ठेवता दोन्ही बाजूंना, म्हणजे कुठल्याही अंगठ्याला तो सापडावा. दुसरी, खिडकीच्या मागे पत्र्याचा एक उंचवटा. उडालेली पुंगळी त्यावर आपटून माणसाच्या तोंडाकडे न येता पुढे जावी. याला सुभेदार 'बांध' म्हणत, भातखाचराला असतो तसा. हा बांध काढता-घालता येई, फरक दाखवण्यासाठी. आणि फरक नुसता दिसून उपयोग नाही, तो भाजला पाहिजे, असं त्यांचं मत होतं. म्हणून खिडकीत स्प्रिंग. चाप ओढला की खिडकीतून पुंगळीच्या जागी उडायची ती निखाऱ्यावर भाजलेली फणसाची आठळी. सुभेदारांच्या बायकोनं, आमच्या काकींनी, पावसाळ्यासाठी मातीत पुरून ठेवलेल्या आठळ्या अशा राष्ट्रकार्याला लागल्या. "माझ्या कालवनातल्या आठळ्या त्या," काकी म्हणत, "आन हे गावाला मारत फिरतात."

ही रायफल घेऊन ते एकदा महाडहून एसटीनं परत येत होते. मी बरोबर होतो. रायफल चादरीत गुंडाळलेली, पण टोक बाहेर. वाटेत कसल्यातरी बंदोबस्तासाठी गाडी थांबवली होती. एक तरुण पोलीस वर चढला आणि चादरीकडे बघून थबकला.

"बाबा, हे काय आहे?"

खोटं बोलणं सुभेदारांच्या स्वभावात नव्हतं. "रायफल," ते म्हणाले.

पुढच्या बाईनं मुलाचं डोकं मांडीत दाबलं. पोलिसाचा हात कमरेकडे गेला.

"म्हंजे, रायफल नाय," सुभेदारांनी खुलासा केला, "सुधारित रायफल."

खाली उतरवून अर्धा तास चौकशी झाली. शेवटी त्या पोलिसानं ती खांद्याला लावून चाप ओढला आणि म्हणाला, "मला तर काहीच लागलं नाही." सुभेदारांनी त्याच्याकडे फार दयेनं पाहिलं. "तुमी उजवे," ते म्हणाले, "तुमच्याशी बोलून उपयोग नाय." आमची एसटी तोवर निघून गेली होती.

आता माझ्याकडे यायला हवं. ते टाळतच मी इथवर आलो आहे.

मी त्यांचा शेजारी, प्राथमिक शाळेतला शिक्षक. अक्षर चांगलं, आणि मुलांचं अक्षर वळवण्यात माझं तालुक्यात नाव. नुसतं अक्षर नाही, हातही. दासगावपासून, नाते गावापासून पालक यायचे. "गुरुजी, पोर डावखुरं हाय, तेवढा हात वळवा." मी वळवायचो. पट्टी कमी, पण रुमाल बांधायचो. दोन महिन्यांत मूल उजव्या हातानं लिहू लागायचं, आई नारळ आणून द्यायची.

मी स्वतः डावखुरा आहे. माझे वडीलही शिक्षक. त्यांनी माझा हात इतका चोख वळवला की लग्न झाल्यावर माझ्या बायकोलाही तो कळला नाही. मी लिहितो उजव्यानं, जेवतो उजव्यानं, आरती उजव्यानं. फक्त एकटा असलो की कुलूप डाव्यानं उघडतो. आणि हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? की मुलांच्या हातांना बांधलेला रुमाल मला अजून स्वतःच्या मनगटावर जाणवतो?

स्प्रिंगची पहिली चाचणी सुभेदारांच्या ओटीवर झाली. काकी शेगडीपाशी पाठमोऱ्या. स्प्रिंग जरा कडक बसली होती. सुभेदारांनी चाप ओढला आणि आठळी सणसणत माझ्या तोंडाकडे आली. मी ती हवेतच झेलली. झेलली आणि मग लक्षात आलं की कुठल्या हातानं.

सुभेदार माझ्या बंद डाव्या मुठीकडे बघत होते. आठळी आत भाजत होती, पण मूठ उघडायची माझी हिंमत नव्हती.

"टाका," ते हळू म्हणाले. "पोळंल."

त्या दिवशी ते एवढंच बोलले, आणि पुढेही कधी त्याचा उल्लेख केला नाही. फक्त तेव्हापासून चहाचा कप ते माझ्या डाव्या बाजूला ठेवू लागले, कपाचा कान डावीकडे वळवून. सुपारी द्यायची तर डाव्या हाताशी. मी दर वेळी उजवा हात आडवा नेऊन ती घेई आणि ते दर वेळी काही न दिसल्यासारखे बाहेर बघत. गावभर ज्याला त्याला दुरुस्त करणारा हा माणूस मला मात्र दुरुस्त करत नव्हता. त्याचा मला रागच येई.

मग महाडला माजी सैनिकांचा मेळावा ठरला. पुण्याहून एक कर्नलसाहेब येणार होते, मराठी, नोकरीत असलेले. सुभेदारांनी वर्दीवरची पदकं चिंच लावून घासली. मला बरोबर घेतलं ते शेगडी सांभाळायला. गरम आठळीशिवाय प्रस्ताव पुढे जाणार नव्हता.

हॉल भरला होता. मागच्या खुर्च्यांवर मी हात वळवलेली दोन-तीन पोरं, आता बाप झालेली. पुढे आमचे मुख्याध्यापक, हार घालायला आलेले. भाषणं, शाली झाल्यावर साहेबांनी यादी बघून विचारलं, "हवालदार सकपाळ कोण?"

पोलादपूरकरांनी एकमेकांकडे पाहिलं. 'हवालदार' शब्द पहिल्यांदाच चारचौघांत आला होता. सुभेदार टाचा जुळवून उभे राहिले. "सुधारित रायफल, साहेब."

साहेब भला माणूस. हसला नाही. रायफल घेतली, वजन पाहिलं, उजव्या खांद्याला लावली, चाप ओढला. आठळी उजवीकडच्या खुर्च्यांत गेली आणि कुणीतरी "आयला" म्हणालं.

"मला काही लागलं नाही, हवालदार."

"आपन उजवे, साहेब. हाच तर घोटाळा हाय. ज्याला लागत नाय, तोच रायफल पास करतो."

आता साहेब हसले. मग हॉलकडे वळून म्हणाले, "इथे डावखुरे किती आहेत? हात वर करा."

बहुतेक जुने सैनिक, उस्तादांच्या हाताखालून गेलेले. एक हात वर गेला, पण त्याला पंखा वाढवून हवा होता.

"बघा," साहेब समजुतीनं म्हणाले, "एका माणसाची अडचण असली तर ती त्याची सवय म्हणतात. दोघांची असली तर मग विचार करता येतो."

सुभेदारांनी हॉलभर नजर फिरवली आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे पाहिलं. साहेबांची नजर त्यांच्या नजरेमागून आली.

"आणि तुम्ही?"

मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. मागच्या खुर्चीवरचा एक बाप माझ्याकडे बघत होता.

"मी शेगडीचं बघतो," मी म्हणालो आणि खाली वाकून पुठ्ठ्यानं निखारे फुलवू लागलो. पुठ्ठा माझ्या डाव्या हातात होता. ते सुभेदारांना दिसलं. बाकी कुणाला दिसलं नाही.

मग त्यांनी स्वतःच रायफल डाव्या खांद्याला लावली. बांध न लावता. चाप ओढला. आठळी गालावर आपटून कॉलरातून आत गेली. ती मीच भाजली होती, मला ठाऊक आहे ती किती गरम होती. सुभेदार हलले नाहीत. सावधानमध्ये उभे राहिले, आठळी पोटाशी जाऊन थांबेपर्यंत. मग बांध बसवला, परत चाप ओढला, आणि या खेपेला आठळी सरळ पुढे, व्यासपीठावरच्या पाहुण्याच्या नव्या शालीत. हॉल हसून लोळला.

"बांध उत्तम आहे," साहेब म्हणाले. "आणि एक सांगतो. नव्या रायफलीला खटका दोन्ही बाजूंनीच आहे. तुमची ती सूचना आधीच अमलात आलीय म्हणा."

सुभेदारांचा चेहरा असा झाला की मला तो सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, "मंग साहेब, तवाची चूक हाताची नव्हती, आसं धरायचं का?"

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "हवालदार, लंगराशिवाय पलटण चालते का?" टाळ्या पडल्या. प्रश्न तसाच राहिला. साहेबांना उशीर झाला होता.

महाडच्या बाजारात सुभेदारांनी पेढे घेतले. भेटेल त्याला वाटत सांगत होते, "एक सूचना मंजूर, एक विचाराधीन." हुसेनभाईंनी दोन पेढे घेतले. "माझी स्प्रिंग मंजूर का विचाराधीन?" "स्प्रिंग बाद." परत येताना टेम्पोत आम्ही मागे बसलो होतो, मध्ये शेगडी.

"कुठंतरी कुनीतरी हात वर केला आसनार, मास्तर," ते म्हणाले. "त्याबिगर खटका दोन्हीकडं जात नाय."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी पेढा माझ्या डाव्या हाताशी धरला. मी उजव्यानं घेतला.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. कामं काढत गेलो. शाळा सुरू झाल्यावर नाते गावाहून एक आई मुलीला घेऊन आली, हात वळवा म्हणून. मी म्हणालो, "बघू." मी तेवढाच शूर.

थंडी सुरू होताना सुभेदारांना लकवा मारला. गेली ती नेमकी डावी बाजू. मुलगी पुण्याहून न्यायला आली, तेव्हा मी गेलो. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. ओटीवर खाट, भोवती गल्लीतल्या बायका. डावा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. उजव्यात चमचा. मऊ भाताची पेज ते स्वतः खात होते, म्हणजे बनियन खात होतं.

मला पाहून तोंडाचा चांगला कोपरा हलला. "आय जिंकली, मास्तर," ते म्हणाले. "शेवटी उजव्यानंच जेवाय लावलं."

सगळ्या हसल्या. काकी चमचा घ्यायला गेल्या तर त्यांनी मान फिरवली. "नको. बाईच्या हातनं नको. मी काय बाळ हाय?"

"मग काय उपाशी ऱ्हायचं?" काकींचा आवाज चिरकला. "सकाळधरनं अर्धी वाटी पोटात नाय गेली, सगळी अंगावर."

मी खाटेच्या कडेला बसलो. वाटी उजव्या हातात घेतली आणि चमचा डाव्या. ठरवून केलं म्हणालो तर खोटं होईल. हात तसे गेले आणि मी ते परत आणले नाहीत.

बायकांत एक आजी होत्या, त्यांच्या नातवाचा हात मी वळवला होता. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "आजाऱ्याला डाव्या हातानं भरवतात का?"

"मी डावखुराच आहे," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. "पहिल्यापासून. तुमच्या नातवासारखा."

आजींनी पदर तोंडाशी नेला. सुभेदार तोंड उघडून पुढच्या चमच्याची वाट बघत होते. इतक्या वर्षांत त्या हातानं मी कुणाला काही दिलं नव्हतं, पण त्याला सगळं येत होतं. चमचा कलला नाही, कापला नाही. मी भरवत राहिलो, वाटी रिकामी होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला गेले. परत आले नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच.

त्या दिवशी मी वाटी खाली ठेवली तेव्हा त्यांनी मान कशीबशी वाकवून आपल्या छातीकडे पाहिलं. मी भरवायला लागायच्या आधी काकींनी बनियन बदललं होतं. ते त्यांनी वरपासून खालपर्यंत तपासलं, घाई न करता, मेळाव्यात साहेबांनी रायफल तपासली होती त्याहून बारकाईनं. मग काकींना म्हणाले,

"बघ गो. सांडलं नाय."